दर्यापूरचं 697

कडुनिंबाच्या सावलीत ते सहा पावसाळे बसून होतं. खाली बाभळीचे दोन ओंडके, वर जुनी ताडपत्री, आणि ताडपत्रीवर दर उन्हाळ्यात पडून वाळलेल्या निंबोळ्यांचा थर. ट्रकच्या चेसीतून काढलं तेव्हा जसं होतं तसंच, मागच्या अंगाला जरासं कललेलं. दर्यापुरात मूर्तिजापूर रोडला मिस्त्रीकाकांचं गॅरेज आहे, त्याच्या मागच्या अंगणातली ही गोष्ट. गॅरेजातली पोरं त्याच्यावर डबा ठेवून जेवत. कुणी पान्याला जागा शोधत असेल तर "त्या लोखंडावर ठेव" म्हणत.

काकांना ते खपत नसे. "लोखंड नोको म्हनू त्याले. झोपलं हाय ते."

त्याचं नाव 697. हे नाव म्हणजे त्याची मापंच आहेत. सहा सिलेंडर, आणि प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर. याच घराण्यातलं जरा थोरलं 692, म्हणजे सहा सिलेंडर आणि 92 मिलिमीटर. जर्मनीतल्या डेमलर-बेंझशी टाटांच्या टेल्कोने 1954 साली करार केला आणि जमशेदपुरात ट्रक बनू लागले. तो करार 1969 मध्ये संपला, बॉनेटवरचा तीन टोकांचा तारा गेला, पण आतलं रक्त राहिलं. बेंझच्या ओएम 352 या इंजिनाचं मापही 97 बाय 128, आपल्या 697 चंही तेच. सहाही सिलेंडरांची पोकळी मिळून 5675 घन सेंटिमीटर. म्हणजे एकेका सिलेंडरात जवळजवळ लिटरभर हवा मावते, आणि तिचा सतरावा हिस्सा होईपर्यंत पिस्टन ती दाबत नेतो. सायकलीत हवा भरताना पंपाचं टोक हाताला चटका देतं, तेच इथे शंभरपटीने होतं. दाबलेली हवा इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. ठिणगीची गरज नाही. बॅटरी लागते ती फक्त उठवायला. एकदा उठलं की बॅटरी काढून घरी न्या, ते चालत राहील. मला लहानपणापासून या इंजिनाबद्दल जो आदर आहे, त्यातला बराचसा या एका गोष्टीमुळे आहे.

हे इंजिन ज्यातून निघालं तो बाबांचा ट्रक 1612. या आकड्यांतही माहिती भरलेली असते: सोळा टनांची गाडी, एकशेवीस अश्वशक्ती. मला पाढे यायच्या आधी एक आकडेमाला पाठ झाली होती, ती म्हणजे एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. याच क्रमाने सिलेंडर पेटतात. एकानंतर दोन का नाही, असं मी काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "शेजारी-शेजारी पेटले तं क्रँकची कंबर मोडते. म्हनून एक इकडचा, एक तिकडचा." सहा जण एका रांगेत बसलेत आणि धक्का कधी या टोकाला, कधी त्या टोकाला, वाटून घेतलेला. रांगेतल्या सहा सिलेंडरांचं इंजिन इतकं शांत का चालतं, याचं उत्तरही बरंचसं या वाटणीत आहे. पिस्टन जोडीजोडीने वर-खाली होतात आणि तिन्ही जोड्या एकमेकींचे हिसके तिथल्या तिथे जिरवतात.

या इंजिनाने वऱ्हाड ओढला. मी हे कौतुकाने म्हणत नाही, वजनाने म्हणतो. कापूस एकाधिकार खरेदी योजना 1972 पासून होती आणि आमच्या लहानपणी ती ऐन भरात होती. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी निघत. एक गाठ साधारण 170 किलोची, साठेक गाठी झाल्या की गाडी भरली. उन्हाळ्यात परतवाड्याच्या लाकूड डेपोतलं सागवान, मृग आणि आंबिया बहाराच्या हंगामात मोर्शी-वरूडची संत्री. अकोला ते अमरावती हा तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग 6, खड्ड्यांनी भरलेला. बाबा म्हणत, या रस्त्यावर गाडी चालत नाही, पोहते. त्याच पट्ट्यात लोणी ते माना अशी 75 किलोमीटरची एक लेन जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत डांबरली गेली आणि जागतिक विक्रम झाला. तोवर हे इंजिन निंबाखाली येऊन बसलं होतं. ज्या रस्त्याने त्याची फाउंडेशनची रबरं खाल्ली, तो गुळगुळीत झालेला त्याने पाहिलाच नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

पण त्याच्या अंगावर सगळ्यात खोल खूण रस्त्याची नव्हे, पाण्याची आहे.

दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. वर काळी कसदार माती, कापूस पिकवणारी, आणि खाली विहिरीला खारं पाणी. त्या पाण्याने ओलीत केलं तर जमीन बिघडते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो. असलं पाणी रेडिएटरमध्ये घातलं की इंजिनाच्या आत, सिलेंडरभोवतीच्या पोकळीत, पांढरा थर धरतो. थर धरला की उष्णता बाहेर पडत नाही आणि हेड तापतं. म्हणून बाबांच्या केबिनमध्ये दोन डबे कायम असत. परतवाड्याकडून येताना पहाडाच्या पायथ्याचं गोडं पाणी ते भरून आणत. ते पाणी गाडीचं. घरी आम्ही विहिरीचंच पीत होतो. आई एकदा म्हणाली होती, "आमाले खारं आन् तिले गोडं." बाबा हसले नाहीत. म्हणाले, "तिनं पेट धरला तं तुमचं पोट कोन भरन?"

तरी मे महिन्यात, अकोल्याचा पारा 45 च्या वर गेलेला असताना, गोडं पाणी संपलं की रस्त्यावरच्या विहिरीचं घालावंच लागायचं. तो थर आजही त्याच्या पोटात आहे. हेड उघडलं तेव्हा मी पाहिला, घागरीच्या बुडाला बसतो तसा.

आता ते विकायचं होतं. बाबा गेले, ट्रकचा सांगाडा भंगारात गेला, हे मात्र काकांनी ठेवून घेतलं होतं. काकांचा एक जुना ड्रायव्हर मित्र रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर बर्फाची गाडी चालवतो. त्याच्याकडून एका तांडेलाचा निरोप आला. बोटीचं इंजिन गेलंय, नवीन मरीन इंजिन परवडत नाही, जुन्या ट्रकचं चांगलं सहा सिलेंडर मिळालं तर तेच बदलून बोटीत बसवायचं आहे. कोकणातल्या बंदरांवर हे नवं नाही. तिथे बोटीची ओळखही सिलेंडरने सांगतात, सहा सिलेंडरची बोट, चार सिलेंडरची बोट. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, हीच दुरुस्तीची वेळ. म्हणजे ऑगस्ट उजाडायच्या आत इंजिन समुद्राजोगं होऊन बसलं पाहिजे.

तांडेलाची अट एकच होती. "आधी तुमच्याकडे सुरू करून दाखवा. मग नेतो."

अट रास्त होती. बोटीजोगं करायला त्याच्यावर जेवढा खर्च होणार, तेवढ्यात इथे एखादं चालू इंजिन येईल. क्रँक वाकलेला असेल, ब्लॉकला चीर असेल, तर तो खर्च समुद्रात. बंद इंजिन बोलत नाही. त्याच्या अंगावरून हात फिरवून, ठोकून, तेल हुंगून थोडंफार कळतं, पण खरं काय ते चालल्यावरच.

मृग लागायच्या आदल्या आठवड्यात मी दर्यापुरात पोचलो. काकांनी ताडपत्री काढली. एअर क्लिनरच्या मडक्यात उंदराने कापूस साठवला होता. वऱ्हाडातला उंदीर, दुसरं काय साठवणार. एक्झॉस्टच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीची घरं केली होती, एकाला एक लागून पाच. काकांनी ती फोडली नाहीत, पात्याने अलगद सोडवून निंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवली. मग चेंबरचा नट ढिला केला आणि खाली घमेलं सरकवलं.

"पानी आंधी येते, मंग मोबिल," काका म्हणाले. तसंच झालं. आधी पेलाभर पाणी आलं, मग तेल आलं, काकवीसारखं काळं आणि सावकाश. पाणी वेगळं, तेल वेगळं. काका खुश झाले. दोन्ही घुसळून दुधाळ झालेलं निघालं असतं तर गॅसकेट किंवा ब्लॉक फुटल्याची शंका होती. वेगळं निघालं म्हणजे ते वरून, पावसातून झिरपलेलं. तेल त्यांनी दोन बोटांत चोळलं, उन्हात धरलं. पितळेची चमक नाही. बेअरिंगा शाबूत असाव्यात.

क्रँकच्या पुलीच्या नटाला लांब पाइप लावून काकांनी जोर दिला. हललं नाही. मी पुढे झालो तर त्यांनी हात धरला. "जबरदस्ती केली तं रिंगा मोडतीन. सहा वर्सं झोपलं, चार दिवस आनखी झोपू दे." सहाही नोझल त्यांनी काढले आणि त्या भोकांतून डिझेल आणि तेलाचं मिश्रण थोडं थोडं ओतलं. वाटीने, औषध पाजावं तसं. मग भोकांत कापडाचे बोळे घालून आम्ही चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाइप बोटभर सरकला आणि थांबला. काकांनी लगेच तो उलटा फिरवला, बोटभर मागे. पुन्हा पुढे, दीड बोट. पुन्हा मागे. असं ते अर्धा तास करत होते. गंजलेला कडी-कोयंडा उघडताना आजी जसं करायची तसं. अंधार पडता पडता क्रँक पूर्ण फिरला. एक फेरी झाल्यावर मी टाळी वाजवणार होतो, काका म्हणाले, "दोन पाह्यजे." बरोबर होतं ते. चार धावांचं इंजिन, हवा घेणं, दाबणं, पेटणं, धूर सोडणं, हे सगळं एका सिलेंडरात पुरं व्हायला क्रँकच्या दोन फेऱ्या लागतात. दुसरी फेरी झाली आणि नोझलच्या भोकांतून एकेक करून श्वास आला. फस्स, फस्स. तोंडावर तेलाचे शिंतोडे उडाले. सहा वर्षांनी त्याने हवा आत-बाहेर केली होती.

चौथ्या दिवशी तांडेल पोचला. पन्नाशीचा, बारीक, उन्हाने रापलेला, पण रापणं आमच्यापेक्षा वेगळं, तांबूस. बसमधून उतरल्यावर त्याने पहिला प्रश्न केला, "गावाचं नाव दर्यापूर कसं हो? दर्या कुठाय?"

दर्या कुठेच नाही. चंद्रभागा नावाची एक छोटी नदी आहे, तीही जूनच्या आधी कोरडी. अचलपूरच्या इमादशाहीत दर्या नावाचा सुलतान होऊन गेला, लोक गावाचं नाव त्याच्याशी जोडतात. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना समुद्र भेटतो तो रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर, समुद्रसपाटीपासून उंची इतकी. मी लहानपणी मूर्तिजापूरच्या फलाटावर ती पाटी वाचून विचारायचो की समुद्र इथून खाली आहे म्हणजे नेमका कुठे. बाबा बोट पश्चिमेला करायचे.

नोझल बसले. नवीन तेल, नवीन फिल्टर. डिझेलचा कॅन निंबाच्या फांदीला दोरीने बांधला, म्हणजे डिझेल आपल्या वजनानेच उतरेल. पाण्याला दोनशे लिटरचा ड्रम, त्यातून पाइप आत आणि पाइप बाहेर. मग काकांनी मला एक फळी दिली आणि हवेच्या तोंडापाशी उभं केलं. "तू इथून हालू नोको. मी वरडलो का फळी दाबजो तोंडावर. दोन्ही हातानं."

याचं कारण मला सांगायची गरज नव्हती. मी दहा-अकरा वर्षांचा असताना एका गॅरेजात एक इंजिन सुटलेलं पाहिलं होतं. घासलेल्या रिंगांमधून स्वतःचंच तेल वर ओढून त्यावर ते चालू लागलं. डिझेल बंद केलं तरी थांबेना, कारण डिझेलवर ते चालतच नव्हतं. आवाज वाढत गेला, निळा धूर इतका की समोरचं दिसेना, माणसं रस्त्यापलीकडे पळाली. अशा वेळी एकच उपाय असतो, त्याचा श्वास कोंडणं. बाबांनी ओलं गोणपाट हाताला गुंडाळून हवेच्या तोंडात कोंबलं. ते एकदम गप्प झालं. बाबांच्या तळहाताची कातडी आठवडाभर निघत होती. इंजिनाची भीती मला त्या दिवशी कळली, आणि त्याच्याजवळ उभं राहायचं कसं तेही.

"सेल्फ मारू?" गॅरेजातल्या पोराने विचारलं.

"मार. पन म्या स्टॉपर धरून ठेवतो. आज पेटवाचं नाही आंधी. तेल तं पोचू दे बेअरिंगाईत."

स्टॉपर ओढला की पंप डिझेल सोडत नाही. सेल्फने इंजिन नुसतं फिरत राहिलं, जड, कण्हल्यासारखं. तेलाच्या मीटरचा काटा शून्यावर. दहा सेकंद फिरवायचं, थांबायचं, बॅटरीला दम घेऊ द्यायचा. चौथ्या वेळी काटा थरथरला आणि वर उचलला. काकांनी माझ्याकडे बघितलं. तेल क्रँकपर्यंत पोचलं होतं.

मग डिझेल लाइनीतली हवा काढायची. डिझेल इंजिनाला उपास चालतो, हवा चालत नाही. पंपापर्यंतच्या लाइनीत एक बुडबुडा राहिला तरी पंप त्यालाच दाबत बसतो, तो दबतो आणि नोझल उघडतच नाही. ते उघडायला 200 बारच्या आसपास दाब लागतो. काकांनी फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि हातपंप दाबू लागले. आधी फेस, मग फेसात डिझेल, मग डिझेलात फेस. ते दाबतच राहिले. शेवटी काचेसारखी सरळ धार आली तेव्हा स्क्रू आवळला. पुढे नोझलजवळचे सहा नट अर्ध्या आट्याने ढिले. सेल्फ. एकेका नटातून डिझेल पिचकलं, एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. त्याला आपला क्रम आठवत होता.

नट आवळले. तांडेल हात मागे बांधून उभा होता, काही बोलत नव्हता. ऊन उतरणीला लागलं होतं.

"मार."

पहिल्या वेळी नुसता पांढरा धूर. न जळलेलं डिझेल, डोळ्यांना झोंबणारं. दुसऱ्या वेळी एक ठोका पडला, एकच, आणि निंबावरचे कावळे उठले. तिसऱ्या वेळी दोन-तीन ठोके, मग काही नाही. काकांनी बॅटरी बदलली. चौथ्या वेळी ते लंगडत उठलं. ढग-ढग, थांबा, ढग, पुन्हा थांबा, अंग हलतंय, ओंडके किरकिरतायत, एक्झॉस्टमधून कुंभारणीची राहिलेली माती उडाली. माझे दोन्ही हात फळीवर घट्ट. आणि मग ते सापडलं. आवाज एकमेकांत मिसळले, धुराचा पांढरा रंग करडा झाला, अंग थरथरायचं थांबलं.

काकांनी कान लावला. "एक काम नाही करून रायला."

मला ते ऐकू आलं नव्हतं. त्यांनी एक्झॉस्टच्या सहा तोंडांवर ओल्या फडक्याने एकेक थेंब टाकला. पाच ठिकाणी थेंब चर्रकन उडाला, चौथ्यावर नुसता बसून राहिला. खात्री म्हणून त्यांनी चालत्या इंजिनावरच एकेक नोझलचा नट ढिला करून पाहिला. पहिला ढिला केला की आवाज पडतो, आवळला की सावरतो. चौथा ढिला केला तर काहीच फरक नाही. त्याने काम केलंच नव्हतं, मग थांबवल्याने काय बिघडणार. इंजिन बंद करून तो नोझल बदलला. नोझलच्या टोकाची भोकं बुजली होती. पुन्हा सेल्फ. या वेळी अर्ध्या फेरीतच उठलं.

तो आवाज मी सहा वर्षांनी ऐकला. रात्री दोनला, कधी पहाटे, मूर्तिजापूर रोडवरून वळण घेताना बाबा गिअर खाली टाकत, आणि आई दिवा लावायला उठे. त्या आवाजाला माणसाचा आवाज म्हणायचा मोह होतो, पण तो तसा नाही. तो सहा जागी पेटणाऱ्या आगीचा आवाज आहे, लोखंडातून गाळून आलेला. तरी मी तो कुठेही ओळखला असता.

तांडेल आता पुढे आला. त्याने तळहात टॅपेट कव्हरवर ठेवला आणि डोळे मिटले. मग तेल ओतायच्या तोंडाची टोपी उघडून त्यातून किती वाफ येते ते पाहिलं. रिंगा घासल्या असत्या तर तिथून धूर फुसफुसत आला असता. थोडी वाफ होती, जुनं इंजिन आहे. त्याने एक्सिलेटर हळूहळू ओढून धरला आणि धरूनच ठेवला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काका अस्वस्थ झाले. "एवढं कायले ताणता? घाटात बी एवढं नाही ताणत कोनी."

"घाटाला उतार असतो, मिस्त्री. दर्याला नसतो."

बाबा सेमाडोहचा घाट चढून पलीकडे धारणीच्या बाजूला उतरायला लागले की पाय काढून घेत. म्हणत, "आता इंजनाले जेवू दे." ट्रकच्या इंजिनाला रस्ता सारखा विसावा देत असतो. उतार, सिग्नल, नाका, ढाबा. बोटीत तसं नाही. बंदर सोडलं की पाणी पंख्याला सतत धरून असतं, तासन्‌तास एकाच ओझ्यावर चालायचं. म्हणूनच बोटीत बसवताना त्याची धाव कमी बांधतात. ट्रकमध्ये मिनिटाला 2800 फेऱ्यांपर्यंत जाणारं इंजिन तिथे त्याच्या बरंच खाली ठेवायचं, म्हणजे ते टिकतं. तांडेल काकांना हे समजावत होता आणि काका पहिल्यांदाच कुणाचं तरी विद्यार्थ्यासारखं ऐकत होते. रेडिएटर तिथे चालत नाही, कारण बोटीच्या पोटात वारा नसतो. त्याच्या जागी एक नळकांडं येतं. इंजिनातलं गोडं पाणी एका बाजूने, समुद्राचं खारं पाणी दुसऱ्या बाजूने, मध्ये तांबं-निकेलच्या मिश्रणाच्या नळ्या. उष्णता इकडून तिकडे जाते, पाणी जात नाही. खाऱ्या पाण्याच्या वाटेत जस्ताचे तुकडे लावतात. खारं पाणी आधी जस्त खातं, म्हणून बाकीचं वाचतं. जस्त संपलं की नवीन. एक्झॉस्टलाही पाण्याचं कवच, नाहीतर लाकडी बोट पेटायची. गिअरबॉक्स निराळा, पुढे आणि मागे एवढंच जाणणारा, पण दणकट.

"म्हंजे खाऱ्या पान्याले आत नाही जाऊ देत," काका म्हणाले.

"कधीच नाही. शेजारून जातं फक्त."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना बाबांचे दोन डबे आठवले असणार. मलाही तेच आठवले.

डिझेल इंजिन आणि समुद्र यांचं नातं ट्रकपेक्षा जुनं आहे. कोपनहेगनमध्ये बांधलेलं सेलांडिया हे डिझेलवर चालणारं मोठं सागरी जहाज 1912 साली पहिल्या सफरीला निघालं. डिझेलचे ट्रक रस्त्यावर यायला त्यानंतर आणखी दशकभर लागलं. आणि ज्याच्या नावाने हे इंजिन ओळखलं जातं तो रुडॉल्फ डिझेल 1913 च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाताना जहाजावरून रात्रीतून नाहीसा झाला. त्याचा देह समुद्रात सापडला. हे मी त्या संध्याकाळी कुणाला सांगितलं नाही. इंजिन चालू असताना त्याच्याबद्दलची पुस्तकी माहिती सांगायला मला संकोच वाटतो. पण इथे लिहून ठेवतो, कारण हे इंजिन समुद्राकडे जाताना परक्या जागी जातंय असं मला वाटत होतं, आणि ते खरं नाही.

अर्ध्या तासाने तांडेलाने एक्सिलेटर सोडला. काकांनी स्टॉपर ओढला. इंजिन दोन-तीनदा उचंबळून थांबलं आणि अंगणात इतकी शांतता झाली की फांदीला टांगलेल्या कॅनमधून ठिबकणारं डिझेल ऐकू येत होतं. सौदा झाला. भाव काकांनी सांगितला तोच, घासाघीस नाही.

पाणी काढायला काकांनी ब्लॉकची तोटी उघडली. गरम पाणी निंबाच्या आळ्यात वाहू लागलं, पांढरट, आतला थर थोडा सुटून आलेला. तांडेलाने सवयीने ओंजळीत घेतलं, जरा निवू दिलं आणि जिभेच्या टोकाला लावलं.

"मिस्त्री, हे तर खारं आहे."

"मंग? दर्यापूर हाय नं भाऊ."

तांडेल काही वेळ त्या पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, की तिथे नेल्यावर आधी सोड्याच्या पाण्याने आतला सगळा थर धुऊन काढू. काका म्हणाले, सगळा नका काढू, काही ठिकाणी त्याच्यानंच धरलं असन. दोघांमध्ये यावर बराच वेळ चर्चा झाली आणि ती कुणाच्याच बाजूने संपली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. चेन-कप्पीने इंजिन उचललं तेव्हा ओंडक्यांखाली दबलेलं पिवळं गवत दिसलं. रेडिएटर, क्लच, गिअरबॉक्स इथेच राहिले. पुढचा पंखाही काकांनी काढून घेतला. तिथे त्याला दुसरा पंखा आहे, पाण्यातला. बोटीचे लोकही त्याला पंखाच म्हणतात. कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून गाडी रत्नागिरीला जाणार होती. इंजिनाचा हा शेवटचा उतार, आणि तो दुसऱ्याच्या पाठीवर बसून.

दोर आवळून झाले, ताडपत्री टाकायची तेवढी बाकी होती. काका "थांबा" म्हणाले आणि आत जाऊन पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. ब्लॉकच्या अंगावर, नोझलच्या रांगेखाली, त्यांनी मोठ्या आकड्यांत लिहिलं: 1-5-3-6-2-4.

"ठाऊक आहे हो आम्हाला," तांडेल म्हणाला.

"तुमाले असन. तिथल्या मिस्त्रीले नसन तं?"

रंग वाळेपर्यंत टेम्पो थांबला.